चवीपुरतें मीठ

मीठ हा भाषणाचा विषय आहे असें ऐकून कित्येक श्रोत्यांस हंसूं येईल. वाङ्मय, शिक्षण, राज्यकारभार हे चर्चेचे विषय. मीठ हा स्वयंपाकघराच्या कोनाड्यांतील जिन्नस, अशी सामान्य समजूत असते. परंतु ज्या घरांत आमटींत मीठ पडावयाचें राहिलें, त्या घरांत त्या जेवणाच्या वेळीं दुसरा कोणताहि विषय निघत नाहीं, हाहि सर्वांच्या अनुभवाचाच भाग आहे. बाजारांत इतका स्वस्त दुसरा जिन्नस नाहीं आणि पानावर इतकें महाग पडणारें दुसरें न्यून नाहीं.

रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें ‘सूपशास्त्र’ हें पाकशास्त्रावरील मराठी पुस्तक १८७५ सालीं प्रसिद्ध झालें. त्यानंतरच्या काळांत मराठींत पाककृतींच्या पुस्तकांची मोठीच रांग लागली. आजच्या पाककृती पाहिल्या तर त्यांत पीठ वाटीनें मोजलेलें असतें, तेल चमच्यानें मोजलेलें असतें, मिरच्यासुद्धां मोजून सांगितलेल्या असतात; आणि शेवटीं मिठाजवळ आल्यावर लेखिकेची लेखणी थबकते व ‘मीठ चवीपुरतें’ असे दोन शब्द लिहून मोकळी होते. या दोन शब्दांत मोठा प्रश्न दडलेला आहे. चवीपुरतें म्हणजे कोणाच्या चवीपुरतें? करणारीच्या, कीं खाणाराच्या? आणि खाणारे पांच असतील तर त्या पांचांपैकीं कोणाच्या?

महाराष्ट्रांतील कित्येक घरांत नैवेद्य दाखविल्यावांचून अन्न चाखावयाचें नाहीं, असा दंडक पिढ्यान् पिढ्या चालत आला. स्वयंपाक करणाऱ्या बाईला आमटी उकळत असतां तिचा थेंब जिभेवर ठेवून पाहण्याची मुभा नसे. मग मीठ घालावयाचें तें हाताच्या अदमासानें. पातेलें पाहावयाचें, आंतील पाण्याची पातळी पाहावयाची, आणि मिठाच्या बरणींत हात घालून तीन बोटांची चिमूट किंवा तळहाताच्या खळग्यांत मावेल इतकें मीठ उचलावयाचें. ‘तिच्या हाताला चव आहे’ असें जें म्हणतात, त्यांत हा अचूक अदमास पुष्कळ अंशीं अभिप्रेत असतो. पण हा हात शिकतो कोणापासून? आईपासून, आणि पुढें सासूपासून. म्हणजे चमच्याचें माप दुकानांत मिळतें, तसें मिठाचें माप मिळत नाहीं. तें घराण्यांतून येतें.

हाताचें जें, तेंच जिभेचें. नवजात अर्भकाला साधें पाणी आणि किंचित् खारट पाणी यांत विशेष आवडनिवड नसते. चौथ्या महिन्याच्या सुमारास त्याला खारटपणाची गोडी लागूं लागते, असें शास्त्रज्ञांना आढळून आलें आहे. त्यानंतर किती खारट म्हणजे बरोबर, हें तें मूल आपल्या घरच्या पानावर शिकतें. एका वर्षाच्या आंतील बाळाच्या अन्नांत वरून मीठ घालूं नये, असें बालरोगतज्ज्ञ सांगतात, त्याचें एक कारण बाळाचीं कोंवळीं मूत्रपिंडें हें असलें, तरी दुसरें कारण जिभेची ही संवय हेंहि आहे. ‘मला एवढें मीठ लागतेंच’ असें जेव्हां एखादा गृहस्थ ठांसून सांगतो, तेव्हां तो आपल्या प्रकृतीची गरज सांगत नसून बहुधा आपल्या आईच्या चिमटीचें माप सांगत असतो.

ही गोष्ट छत्रपती संभाजीनगरासारख्या शहरांत जितकी स्पष्ट दिसते, तितकी एका जातीच्या, एका चालीच्या खेड्यांत दिसणार नाहीं. मलिक अंबरानें १६१० सालीं वसविलेली खडकी, पुढें मोंगल काळांत औरंगाबाद या नांवानें नांदलेलें हें शहर पहिल्यापासूनच निरनिराळ्या मुलखांतील माणसांचें. येथील प्रसिद्ध नान-खलियाचा संबंध परंपरेनें मुहम्मद तुघलकाच्या त्या दिल्लीहून दौलताबादेस आलेल्या लवाजम्याशीं जोडतात. पुढें १९५८ सालीं येथें विद्यापीठ निघालें, चिकलठाणा व वाळूज येथें कारखाने उभे राहिले, सिडकोची नवी वस्ती झाली. आणि बीड, परभणी, नांदेड येथील कुटुंबांच्या शेजारीं खानदेशांतील, वऱ्हाडांतील, पुण्याकडील व कोंकणांतील कुटुंबें राहूं लागलीं. एकाच जिन्यावर चार बिऱ्हाडें, आणि चार बिऱ्हाडांच्या फोडणीचे चार वास. एका घरीं येसराची आमटी आणि कारळाची चटणी; दुसऱ्या घरीं काळ्या मसाल्याची झणझणीत शेवभाजी; तिसऱ्या घरीं चिंचगुळाची आमटी; चौथ्या घरीं ओलें खोबरें आणि आमसूल.

या भेदाच्या मुळाशीं नुसती लहर नाहीं. मराठवाड्यांत ज्वारीची भाकरी बहुतेक घरांत अळणीच थापतात. ती अळणी, किंचित् गोडसर भाकरी घशाखालीं उतरावयाची तर तिच्याबरोबरचा ठेचा, चटणी किंवा कालवण मिठाला व तिखटाला खणखणीत असावेंच लागतें. एका घांसांत भाकरी पुष्कळ आणि ठेचा बोटभर. सरासरी बरोबर जुळते. परंतु तोच ठेचा भाताबरोबर किंवा मीठ घातलेल्या पोळीबरोबर वाढला कीं तो खारट ठरतो. यास्तव अमुक प्रांताचे लोक मीठ जास्त खातात आणि तमुक प्रांताचे कमी, असें एका पदार्थावरून म्हणणें न्यायाचें नाहीं. सगळें पान पाहावें लागतें. शिवाय भर उन्हांत नांगर धरणाऱ्या माणसाच्या अंगांतून घामावाटे पाणी व मीठ दोन्ही जातात. त्याचा नातू आज पंख्याखालीं खुर्चीवर बसून काम करतो. शेत गेलें, घाम गेला. ठेचा मात्र तेवढाच खारट राहिला.

आतां अशा शहरांतील एखादें घर डोळ्यांपुढें आणावें. सासूबाई बीडकडच्या, सूनबाई रत्नागिरीकडच्या. पहिल्याच आठवड्यांत सूनबाईंनीं केलेली आमटी तोंडीं लागतांच सासूबाई म्हणतात, ‘अगं, आज मीठ विसरलीस कीं काय?’ सूनबाई मनांत म्हणतात, सकाळींच तर चमचा भरून घातलें. दुसऱ्या दिवशीं सासूबाईंच्या हातची वांग्याची भाजी खातांना सूनबाई तीनदां पाणी पितात आणि बोलत मात्र कांहीं नाहींत. चिरंजीव दोहों बाजूंनीं कोंडीत सांपडून ‘दोन्हीहि छान आहेत’ असें म्हणतात आणि दोघींचाहि रोष ओढवून घेतात. येथें वाद मिठाचा नाहीं. ‘नावडतीचें मीठ अळणी’ ही म्हण ज्या कोणी प्रथम उच्चारली, त्या व्यक्तीला मनुष्यस्वभाव पुरता कळलेला होता. मीठ किती पडलें यापेक्षां तें कोणाच्या हातून पडलें, याकडे जीभ अधिक लक्ष देते. हातावर मीठ दिलें तर भांडण होतें, असा जुना समज आहे. त्या समजाला शास्त्राधार नसेल. परंतु मिठावरून भांडणें होतात, एवढें तरी आजीबाईंनीं नीट हेरलेलें होतें.

वाद हाताचा असला तरी कित्येकदां दोष पदार्थाचा असतो, आणि तो जाणल्यास निम्मी बोलणीं वांचतील. मेथी, चुका किंवा अंबाडी यांची चिरलेली भाजी कढईंत शीग लावून उभी असते आणि शिजल्यावर तळाशीं बसते. तिच्या सुरुवातीच्या ढिगाकडे पाहून मीठ घातलें तर भाजी खारट होणारच. म्हणून पालेभाजीला मीठ ती बसल्यावर घालावें. आमटी आटली कीं पाणी उडून जातें, मीठ उडत नाहीं. म्हणून आटावयाच्या पदार्थाला मीठ शेवटीं घालावें. लिंबू, चिंच किंवा आमसूल घातलें कीं तेवढ्याच मिठाची चव अधिक उठावदार होते, यास्तव आंबट अगोदर व मीठ मागाहून हा क्रम चांगला. कडूपणा दाबण्याचा गुण मिठांत आहे. कारल्याला मीठ चोळून ठेवणारी गृहिणी या गुणाचा उपयोग करून घेते आणि शिवाय त्यांतलें कडू पाणीहि पिळून काढते. खारट झालेल्या आमटींत बटाटा टाकला कीं तो मीठ शोषून घेतो, अशी समजूत सार्वत्रिक आहे; पण बटाटा आमटींतलें पाणी व मीठ बरोबरच घेतो, त्यामुळें उरलेल्या आमटीचा खारटपणा होता तसाच राहतो. खरा उपाय म्हणजे अळणी शिजविलेली डाळ किंवा गरम पाणी घालून आमटी वाढविणें, आणि शेजारच्या बिऱ्हाडाला वाटीभर पाठवून देणें.

इथवर झालें तें चवीचें. परंतु मिठाचा प्रश्न केवळ चवीचा राहिलेला नाहीं, आणि याच ठिकाणीं सुशिक्षित कुटुंबांनीं थोडें थांबून विचार करावयास पाहिजे.

एके काळीं या भागांत मीठ दुरून येई. आगगाडी येण्यापूर्वीं समुद्रकांठचें मीठ घाट चढून येई तें लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून. लमाण हा शब्दच लवणापासून आला, असें एक मत आहे. ब्रिटिश राज्यांत मिठावर कर होता. त्या कराविरुद्ध ६ एप्रिल १९३० रोजीं गांधीजींनीं दांडी येथें मीठ उचललें, आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत कोंकणांत शिरोडा येथें महाराष्ट्रांतील सत्याग्रहींनीं कायदेभंग केला. १९४७ सालीं तो कर रद्द झाला. गरिबाच्या भाकरीवरचें मीठ मोकळें झालें, ही मोठी न्यायाची गोष्ट झाली. परंतु जो जिन्नस स्वस्त व मुबलक होतो, त्याच्याविषयीं हात सैल पडतो, हाहि संसाराचा नियमच आहे.

चरकसंहितेंत पिंपळी, क्षार आणि लवण या तिहींचा अतिरेक टाळावा, असें बजावून सांगितलें आहे. आजचें वैद्यकशास्त्र निराळ्या वाटेनें लवणाविषयीं त्याच निर्णयाला आलें आहे. फार मीठ खाण्यानें रक्तदाब वाढतो, आणि वाढलेला रक्तदाब वर्षानुवर्षें कांहीं न बोलतां हृदय, मेंदू व मूत्रपिंडें यांचें नुकसान करीत राहतो. पक्षाघाताच्या एका झटक्यानें घरचा कर्ता पुरुष किंवा घर सांभाळणारी बाई अंथरुणाला खिळते, तेव्हां त्याचा संबंध चाळीस वर्षांच्या आमटीशीं जोडण्याचें कोणालाच सुचत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढ माणसानें दिवसाकांठीं ५ ग्रॅमांहून कमी मीठ खावें. भारतांतील निरनिराळ्या पाहण्यांत प्रत्यक्ष आंकडा ८ ते ११ ग्रॅमांच्या दरम्यान आढळला आहे. पाश्चात्त्य देशांत बहुतेक मीठ तयार खाद्यपदार्थांतून पोटांत जातें; आपल्याकडे त्याचा मोठा वांटा अजूनहि घरच्या पातेल्यांतून येतो. याचा अर्थ असा कीं, येथें किल्ली कारखानदाराच्या हातीं कमी आणि गृहिणीच्या हातीं अधिक आहे.

आपल्या घरीं किती मीठ लागतें, हें पाहण्यास प्रयोगशाळेची जरूर नाहीं. मिठाची १ किलोची पिशवी फोडली कीं तिच्यावर तारीख घालून ठेवावी. घरांत प्रौढ माणसें चार असतील तर माणशीं ५ ग्रॅम याप्रमाणें दिवसाला २० ग्रॅम, म्हणजे ती पिशवी ५० दिवस पुरावयास हवी. ती २५ दिवसांतच संपली, तर माणशीं १० ग्रॅमांचा खर्च झाला हें उघड आहे. लोणचें घालण्यास किंवा भाज्या धुण्यास घेतलेलें मीठ यांतून वजा करावें. पण त्याबरोबरच बाहेरून आणलेले पापड, फरसाण, बिस्किटें, पाव यांतून येणारें मीठ या हिशेबांत धरलेलेंच नाहीं, हेंहि विसरूं नये. पाकिटावर मिठाऐवजीं सोडियमचा आंकडा छापलेला असतो; त्याची अडीचपट केली कीं मिठाचा आंकडा निघतो.

घरांतील एखाद्याला रक्तदाब जडला आणि डॉक्टरांनीं मीठ कमी करण्यास सांगितलें, म्हणजे पुष्कळ घरांत काय होतें? त्या एकट्यासाठीं वेगळ्या पातेलींत अळणी वरण शिजतें. इतरांचीं पानें नेहमींप्रमाणें भरलेलीं, आणि घरच्या वडील माणसापुढें रुग्णालयांतल्यासारखी वाटी. अन्नाच्या पंक्तींत हें एक प्रकारें वाळींत टाकणेंच होय. चार दिवस ते सोसतात. पांचव्या दिवशीं ‘अहो, नका हो’ असें बाई म्हणत असतांनाच लोणच्याची फोड आणि पापड पानांत येतो, आणि पथ्य संपतें. दोष त्यांच्या जिभेचा नाहीं. एका दिवसांत जीभ बदलावी अशी अपेक्षा केली, हा दोष.

जीभ बदलते, परंतु हळूहळू बदलते. अमेरिकेंत १९८२ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत कांहीं तरुणांना पांच महिने कमी मिठाचा आहार दिला होता. दोन-तीन महिन्यांनंतर त्यांना सुपांत व बिस्किटांत पूर्वींपेक्षां कमी मीठ रुचूं लागलें. पांच वर्षांपूर्वींचा कपडा जसा अंगाला तंग होतो, तशी जुनी चव त्यांच्या जिभेला होत गेली. म्हणून घरांत सर्वांचेंच मीठ थोडथोडें उतरवावें. दर पंधरवड्याला चमच्यांतून एक चिमूट कमी केली, तर ती कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं. एकाला पथ्य आणि चौघांना मेजवानी यापेक्षां पांचांनाहि थोडें कमी, हें आरोग्याच्याच नव्हे तर मायेच्या दृष्टीनेंहि अधिक बरें.

यावर असा आक्षेप येईल कीं, सर्वांची आवड सारखी नसते. ज्याला थोडें अधिक हवें त्यानें काय करावें? याचें उत्तर आपल्या जुन्या वाढण्याच्या पद्धतींतच आहे. पान मांडलें कीं त्याच्या वरच्या कडेला प्रथम चिमूटभर मीठ वाढावयाचें, शेजारीं लिंबाची फोड, डाव्या बाजूस चटणी-कोशिंबीर. पाककर्त्रीनें पातेल्यांत सर्वांत कमी खाणाराच्या बेतानें मीठ घालावें, आणि ज्याला कमी वाटेल त्यानें आधीं चाखून मग पानांतलें घ्यावें, असा या पद्धतीचा सोयीस्कर अर्थ लावतां येईल. पातेल्यांत पडलेलें मीठ काढतां येत नाहीं. पानांतलें घेणें न घेणें प्रत्येकाच्या हातीं राहतें. १९८७ सालीं प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका प्रयोगांत अन्नांतील मीठ बरेंच कमी करून खाणारांच्या हातीं मिठाची शीशी मोकळी सोडली होती. काढून घेतलेल्या मिठाच्या एक पंचमांशाहूनहि कमी मीठ त्यांनीं वरून घेतलें. पातेलेंहि खारट आणि पानांतहि मीठ, असें दुहेरी झालें तर मात्र हीच चाल घातक ठरते, हें लक्षांत ठेवावें.

मिठाच्या जातीविषयींहि दोन शब्द सांगितले पाहिजेत. सैंधव म्हणजे शेंदेलोण हें उपासाला चालतें, म्हणून तें निरुपद्रवी असा कित्येकांचा ग्रह आहे. पण तेंहि मुख्यतः सोडियम क्लोराइडच, आणि रक्तदाबाच्या दृष्टीनें त्याचा अतिरेकहि तितकाच वाईट. गलगंडासारखे विकार टाळण्यासाठीं आयोडीनयुक्त मीठ आवश्यक असल्यामुळें, माणसांच्या खाण्यासाठीं आयोडीनविरहित मीठ विकण्यास भारतांत २००६ सालापासून बंदी आहे. तेव्हां कमी मीठ खावें, पण तें आयोडीनयुक्त खावें. पोटॅशियम घालून सोडियम कमी केलेलें मीठहि बाजारांत मिळतें. तथापि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनीं डॉक्टरांना विचारल्यावांचून त्याच्या वाटेस जाऊं नये.

मीठ उतरवितांना जेवण बेचव होऊं नये, यासाठीं आपल्या स्वयंपाकघरांत साधनांची कमतरता मुळींच नाहीं. हिंग-लसणीची खमंग फोडणी, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लिंबाचा रस, आमसूल, कोथिंबीर, कुटलेले तीळ, कारळ व जवस, आणि येसरांतील भाजलेल्या धान्याचा वास, हीं सर्व मिठाची उणीव झांकणारीं मातबर मंडळी आहेत. ज्या पदार्थाला दुसरी चव नाहीं, त्यालाच मिठाचा आधार अधिक घ्यावा लागतो. फोडणी साधली तर मीठ आपोआप कमी लागतें, आणि फोडणी साधण्यास घाई न करणें एवढेंच पुरतें.

‘चवीपुरतें’ हा शब्द आपल्या भाषेनें मोठ्या समजुतीनें घडविलेला आहे. त्यांत ‘चव’ आहे, आणि ‘पुरतें’हि आहे. चव म्हणजे प्रत्येकाची आवड; तिचा मान राखावा. पुरतें म्हणजे मर्यादा. तिचा विसर पडूं देऊं नये. करणाऱ्या हातानें थोडें कमी घालावें, खाणाऱ्या जिभेनें चाखल्यावांचून बोलूं नये, आणि आमटी खरोखरच अळणी झाली असेल तर ती कोणाच्या हातची आहे हें न पाहतां पानांतलें मीठ मुकाट्यानें कालवून घ्यावें. खाल्ल्या मिठाला जागणें म्हणतात, त्याचा आरंभ ज्या हातानें तें वाढलें त्या हाताचा मान राखण्यापासूनच व्हावयास पाहिजे.